मंगळवारचं ताक

हिंटराऊ या आमच्या डोंगरातल्या गावाला उन्हाळ्यात दोन प्रकारची माणसं येतात. रोपवेत बसून वर जाणारी, आणि पायांनी वर जाऊन त्याबद्दल दिवसभर बोलणारी. हिवाळ्यातल्या लोकांचं एक बरं असतं. ते बर्फावरून घसरतात, पडतात, हॉटेलात जाऊन शेकत बसतात. उन्हाळ्यातल्यांना मात्र सगळं बघायचं असतं. घळीतला लाकडी पूल बघायचा असतो, धबधबा बघायचा असतो, तळ्याचा रंग फोटोतल्यासारखा आहे की नाही हे पडताळायचं असतं. घळीतून निघालेली वाट धबधब्याला वळसा घालून लार्चच्या रानात शिरते आणि अडीच तासांनी कास्पर ओबरहोफरच्या कुरणावर पोचते. तिथं येईपर्यंत निम्म्यांची हौस फिटलेली असते. उरलेले निम्मे बुर्गीला विचारतात, "तळं अजून किती लांब?"

बुर्गीचं उत्तर एकतीस वर्षं एकच. "बसलात तर लांब. उठलात तर तासभर."

तिचं खरं नाव नॉटबुर्गा. जून ते सप्टेंबर ती त्या कुरणावरच्या लाकडी खोपटात राहायची, कास्परच्या तेरा गायी आणि स्वतःची एक सांभाळायची, दूध काढायची, लोणी आणि चीज करायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ताक, पाव, चीज द्यायची. स्वतःची ती एक गाय म्हणजे ब्लूमा. कास्परच्या बापानं फार पूर्वी एक मरायला टेकलेलं वासरू बुर्गीला देऊन टाकलं होतं, जगलं तर तुझं म्हणून. ते जगलं. ब्लूमा त्याची नात. हिवाळ्यात ती कास्परच्याच गोठ्यात राहायची, आणि बुर्गी पलीकडच्या खोऱ्यातल्या एका हॉटेलात चादरी धुवायची. गावात तिचं असं घर नव्हतं. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं हे विचारणारी माणसंही एकेक करून संपली होती.

ऑथ्मार प्रान्टल हा वाटा राखणारा. गावातून निघणाऱ्या सगळ्या पायवाटा त्याच्या अंगावर. कुठं दरड आली, पुलाची फळी कुजली, पाटी वाकडी झाली की ऑथ्मार. आणि दर उन्हाळ्यात दगडांवरचे लाल-पांढरे-लाल पट्टे नव्यानं रंगवायचे, कारण धुक्यात माणसाला तेवढाच आधार. बर्फाखाली सहा महिने राहून रंग विटतो. ऑथ्मार दोन डबे आणि दोन ब्रश घेऊन खालून सुरुवात करायचा आणि दगडादगडानं वर सरकत जायचा. घळीची वाट मंगळवारची. म्हणजे मंगळवारी दुपारी तो बुर्गीकडे.

सत्तावीस उन्हाळे हे चाललं. तो यायचा, रंगाचे डबे उंबऱ्याबाहेर ठेवायचा, वरचा डागाळलेला झगा काढून खुंटीला अडकवायचा आणि बाकावर बसायचा. झग्याखाली धुतलेला, इस्त्रीचा सदरा. बुर्गी त्याला पत्र्याच्या निळ्या मगात ताक द्यायची. दुसऱ्या कुणाला तो मग ती देत नसे, पण त्याला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"गेल्या आठवड्यापेक्षा आंबट आहे," तो म्हणायचा.

"मग गेल्या आठवड्यातलं प्यायचं होतंस."

"उरलं होतं का?"

"डुकराला घातलं. त्यानं तक्रार केली नाही."

यावर तो हसायचा, म्हणजे मिशा हलवायचा. मग बराच वेळ दोघं गप्प. गायी चरताहेत, एखादा प्रवासी धापा टाकत येतोय, बुर्गी उठून त्याला पाव-चीज देतेय, परत येऊन बसतेय. तासाभरानं ऑथ्मार उठायचा, निळा मग स्वतः विसळायचा, पालथा घालायचा, आणि म्हणायचा, "तर मग. पुढच्या मंगळवारी." एवढंच. ताकास तूर कधी लागू दिली नाही त्या माणसानं.

तो तिला 'तू' म्हणायचा, तीही त्याला. पण त्यावरून काही समजायची सोय नव्हती. आमच्याकडे हजार मीटरच्या वर सगळेच सगळ्यांना 'तू' म्हणतात. वर बिशप आला तरी 'तू'. खाली उतरलं की, म्हातारी माणसं सोडली तर, पुन्हा 'तुम्ही'. एकदा ऑक्टोबरात, चर्चबाहेर, ऑथ्मारनं तिला टोपी काढून "कशा आहात?" विचारलं होतं, तेव्हा बुर्गीला थंडी वाजल्यासारखं झालं होतं. तेवढी एकच भेट खालची.

तिला तो आवडायचा. हे तिनं स्वतःशीही फार उशिरा कबूल केलं, पन्नाशीच्या आसपास. पण तो कशाला येतो, ताकाला की तिच्यासाठी, हे तिला कधी कळलं नाही. सगळ्यांनाच वाटेत थांबायला एक ठिकाण लागतं. ती त्याच्या सदऱ्याकडे बघायची. डाव्या बाहीवर नेहमी एकीऐवजी दोन घड्या पडलेल्या असायच्या, एक सरळ, एक तिरकी. फिलोमेनाची नजर अधू झाली असेल, ती मनात म्हणायची. फिलोमेना ही त्याची थोरली बहीण. तीही बिनलग्नाची. दोघं गावाच्या टोकाला एका घरात राहायची. घरात बाई आहे, माणसाला धुतलेलं, इस्त्री केलेलं मिळतंय, त्याला आणखी काय हवं असणार? असा विचार करून बुर्गी दोन दिवस उदास व्हायची आणि मग पुन्हा मंगळवारची वाट बघायची.

त्या वर्षी जुलैच्या पहिल्या मंगळवारी तो आला तेव्हा म्हणाला, "यंदा बर्फानं पार खरवडून काढलंय. दुसऱ्या वळणापर्यंतच झालं. पुढच्या वेळी लार्चपर्यंत आणतो."

"आण की. घाई कुणाला आहे?"

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. पाऊस होता, म्हणून असेल. गुरुवारी सकाळी वारा खालून वर वाहत होता आणि चर्चची घंटा ऐकू आली. सावकाश, एकेक टोला. कुणीतरी म्हातारं गेलं, म्हणत बुर्गीनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि दूध तापत ठेवलं.

शनिवारी कास्पर जीप घेऊन वर आला. गायींचं मीठ, पीठ, कॉफी उतरवता उतरवता बोलत होता. टुरिस्ट ऑफिसनं यंदा सप्टेंबरात गायी सजवून खाली उतरवायच्या दिवशी तीन बँड बोलावलेत, हॉटेलं आत्तापासून भरलीत, गायींचे मुकुट जरा मोठे कर. मग मिठाचं पोतं खांद्यावरून टाकत म्हणाला, "हां, आणि तो ऑथ्मार गेला. वाटा रंगवायचा तो. झोपेतच. गुरुवारी पुरला."

बुर्गी म्हणाली, "कशानं?"

"हृदय. दुसरं काय असणार? कॉफी दोन पुडे आणलेत, बघ."

तिनं पुडे घेतले, फळीवर ठेवले, आणि दूध काढायची वेळ झाली होती म्हणून दूध काढायला गेली. चौदा गायींना कुणी गेल्याचं सांगून उपयोग नसतो. त्यांची कास भरते ती भरतेच. ब्लूमाच्या पोटाला कपाळ टेकून तिनं दूध काढलं आणि तिला रडू आलं नाही. रडायला आपण त्याचे कोण, हा विचार आड आला. कुणी समाचाराला आलं नाही, कारण तिच्याकडे समाचाराला यावं असं काही घडलंच नव्हतं.

त्यानंतर रोज वाटसरू यायचे आणि कुरकुरायचे. एक जर्मन जोडपं धुक्यात वाट चुकून दोन तास भटकून आलं. बाई संतापलेली.

"लार्चपर्यंत पट्टे कसे छान, नवे आहेत! आणि पुढं काहीच दिसत नाही! ही काय पद्धत आहे? कोण बघतं हे काम?"

"बघत होता एक जण," बुर्गी म्हणाली.

"मग कुठं आहे तो?"

"ताक घेणार का?"

त्या संध्याकाळी गायी बांधून ती लार्चपर्यंत उतरून गेली. वाटेला टेकलेला एक हातभर उंचीचा दगड होता. त्यावर लाल पट्टा नवा, पांढरा नवा, आणि खालचा लाल अर्धाच, ब्रश मध्येच उचलल्यासारखा. म्हणजे मधल्या दिवसांत, मंगळवार नसताना, तो इथवर येऊन गेला होता. दिलेला शब्द पाळायला आला असेल, किंवा रंग संपला म्हणून परत गेला असेल. वर कुरणापर्यंत मात्र आला नव्हता. का आला नाहीस रे, मंगळवार नव्हता म्हणून? बुर्गीनं त्या अर्ध्या पट्ट्यावर बोट फिरवलं. रंग कधीच सुकला होता.

ऑगस्टच्या संध्याकाळी मुकुट बांधण्यात जातात. फरच्या डहाळ्या वाकवायच्या, कागदाची फुलं करायची, मध्ये छोटा आरसा, वर क्रूस. एकतीस वर्षं बुर्गीनं प्रत्येक गायीचा मुकुट स्वतः बांधला होता, फक्त एक वर्ष सोडून. कास्परचा बाप गेला त्या वर्षी. मालकाच्या घरातलं माणूस गेलं किंवा उन्हाळ्यात एखादी गाय दगावली, की गुरं उघड्या डोक्यानं उतरतात, घंटांमध्ये गवत कोंबलेलं असतं. बँड नसतो, ओरडाआरडा नसतो. त्या वर्षी सबंध गाव रस्त्याच्या कडेला टोप्या काढून उभं होतं, आणि चौदा जनावरं नुसत्या खुरांचा आवाज करत गेली होती.

सप्टेंबरच्या त्या शनिवारी कास्पर आणि त्याची बायको रोझल ट्रॅक्टर घेऊन रोपवेच्या मधल्या स्टेशनाजवळच्या माळावर आले. मुकुट तिथंच चढवतात, नाहीतर रानातल्या फांद्यांनी फाटतात. बुर्गी गायी घेऊन पोचली. रोझलनं ट्रॉलीवरचं कापड काढलं आणि मुकुट मोजले.

"तेराच आहेत. चौदावा कुठाय?"

"तेवढेच केले," बुर्गी म्हणाली. ती ब्लूमाजवळ उभी होती. ब्लूमाच्या गळ्यातल्या घंटेतून गवताच्या काड्या बाहेर आल्या होत्या.

कास्परनं त्या काड्या पाहिल्या. त्याला कळायला वेळ लागला नाही, शेतकऱ्याचाच मुलगा तो.

"हे काय?"

"माझ्या गायीला मुकुट नाही यंदा."

"अगं पण का? गाय दगावली नाही, माझ्या घरात सगळे धडधाकट आहेत, टच वूड! तुझं तर कुणी नाहीच जायला!" हे बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. "म्हणजे, तसं नव्हे. कोण गेलं तुझं?"

"ऑथ्मार."

"कोण ऑथ्मार? तो रंगवाला?" कास्पर हसलाच. "तो तुझा कोण?"

बुर्गीनं खूप शोधलं. मित्र म्हणावं तर त्याला मिशा हलवण्यापलीकडं बोलता येत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणवेना.

"तेच तर मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

रोझल एकदम खाली बघू लागली. कास्परचा चेहरा लाल झाला. "हे बघ बुर्गी, खाली चार हजार माणूस उभं आहे. माझ्या रांगेत उघडी गाय दिसली तर गाव विचारेल, ओबरहोफराकडे कोण मेलं म्हणून! घाल तिला ट्रॉलीत, मागच्या रस्त्यानं नेतो."

"ती माझी आहे. पायानं येईल."

"हट्टीपणा करू नकोस."

"एकतीस वर्षं कधी केला का?"

शेवटी रोझलच मध्ये पडली. "ती मागून येऊ दे, कास्पर. अंतर ठेवून. आपली वाटणार नाही."

असं ठरलं. तेरा गायी मुकुट डुलवत, घंटा घणघणवत निघाल्या, पुढं कास्पर नवी टोपी घालून. आजवर गायींच्या पुढं बुर्गी असायची, हातात हेझलची काठी. आज ती माळावर थांबली. घंटांचा आवाज वळणाआड गेला, मग खालून बँड सुरू झाला, लोकांचा गलका उठला. तो ओसरायला लागल्यावर तिनं ब्लूमाचा दोर धरला.

गावात शिरली तेव्हा मिरवणूक पुढं जाऊन तंबूत पोचली होती. रस्त्यावर शेण, चुरगळलेली कागदी फुलं, बिअरचे रिकामे ग्लास. लोक फोन खिशात घालून परतत होते. एकानं तरीही फोटो काढला. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अय्या, ही बिचारी हरली वाटतं. बक्षीस नाही मिळालं हिला." नवरा म्हणाला, "दूध कमी देत असेल." बुर्गी ऐकून न ऐकल्यासारखं करून चालत राहिली. तिला आता लाज वाटायला लागली होती. आपण काय करतोय? कुणाच्या नावानं? त्या माणसानं सत्तावीस वर्षांत एक शब्द काढला नाही, आणि आपण त्याच्या नावानं रस्त्यावरून शोक मिरवतोय. त्याला हे आवडलं असतं का, हेसुद्धा आपल्याला सांगता येणार नाही. ताक पिऊन जाणारा माणूस तो.

कारंज्यापाशी तीन-चार म्हातारे बसले होते. त्यांनी आधी ब्लूमाचं डोकं पाहिलं, मग घंटा पाहिली. एक जण उठू लागला, टोपीकडे हात नेत, पण कुणासाठी काढायची ते कळेना, म्हणून हात तसाच राहिला.

"मुकुट पडला का गं वाटेत?"

"नाही. घातला नाही."

ते पुढं काही विचारायच्या आत ती निघाली. तिला आता फक्त गोठा गाठायचा होता. पण गोठ्याकडे जायचा रस्ता गावाच्या टोकावरून जातो, आणि टोकाला प्रान्टलांचं घर. फाटकात फिलोमेना उभी होती. सबंध काळे कपडे. भावाला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, ती मिरवणुकीला गेली नव्हती. सत्तरीची, काटकुळी, तोंडानं फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध. बुर्गीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"थांब," फिलोमेना म्हणाली. "ही तुझी गाय ना? ओबरहोफरांची नव्हे?"

"माझी."

"उघडी का?"

बुर्गीनं दोर हाताला गुंडाळला, सोडला. "तुमच्या भावासाठी," ती म्हणाली. "माझा काही हक्क नाही. तुम्ही म्हणाल तर घंटेतलं गवत काढते."

फिलोमेनानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तो तुझ्याकडे यायचा? वर?"

"ताक प्यायला. वाटेवरच पडतं."

"कोणत्या वारी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी," फिलोमेना म्हणाली, आणि फाटकाला धरून उभी राहिली. मग तिचा तो प्रसिद्ध आवाज चढला. "आठवड्याचे सहा दिवस त्या माणसाच्या अंगावर एकच सदरा असायचा. कोपरं फाटलेली, रंगानं कडक झालेला. धुवायला काढ म्हटलं की अंगावर यायचा माझ्या! आणि सोमवार आला की स्वतः इस्त्री तापवत बसायचा. मला हात लावू द्यायचा नाही. डाव्या बाहीवर दोन-दोन घड्या पाडायचा, तरी देणार नाही! अरे बाबा, दगडांना रंग फासायला जायला इस्त्रीचा सदरा कशाला लागतो? वर्षानुवर्षं विचारत होते मी त्याला."

बुर्गीनं विचारलं, "काय म्हणायचा?"

"म्हणायचा, वर वारा असतो."

मग फिलोमेनानं फाटक उघडलं, पुढं येऊन ब्लूमाचा दोर बुर्गीच्या हातातून घेतला, आणि गायीच्या गळ्यातली घंटा चाचपून सुटत आलेलं गवत आत नीट दाबून बसवलं.

"चल," ती म्हणाली. "गोठ्यापर्यंत येते मी. पुरलं त्या दिवशी मी एकटीच चालले होते त्याच्या मागं."

बुर्गीचे हात रिकामे झाले होते. तिनं ते तोंडावर धरले आणि भर रस्त्यात, जुलैपासून पहिल्यांदा, ती रडली.